बैठक

साहित्यसमीक्षेत 'बैठक' हा शब्द मी आयुष्यभर वापरीत आलो. अमक्या कवीची तात्त्विक बैठक पक्की, तमक्या कादंबरीची वैचारिक बैठक डळमळीत, असे लिहिताना लेखणी कधी अडखळली नाही. परंतु बैठक तपासायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मला चेन्नईत एका गॅरेजात उमगले.

तेथे नोकरीस असलेल्या पुतण्याने आपल्या मोटारीला मूळ स्प्रिंगा काढून बाजारातल्या आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. गाडी जमिनीलगत आली की वळणावर कमी कलते आणि ऐटबाज दिसते, असे त्याचे म्हणणे. मी गेलो तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस नुकताच ओसरला होता व रस्त्यांना खड्डे पडले होते. कत्तिपाराचा उड्डाणपूल उतरताना पुढच्या डाव्या चाकापाशी 'ठण्ण' असा आवाज झाला. "काका, नवीन आहेत, बसतील हळूहळू," तो म्हणाला. मागे सूनबाई तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. मला ते 'हळूहळू' रुचले नाही.

एग्मोरनजीकचे पुदुपेट्टै हा मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार. तेथील वयस्क मेस्त्रींनी प्रथम प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. डावे-उजवे सारखेच भरले. मला हायसे वाटले. मेस्त्री मात्र नुसते हसले. ओझ्याखाली दबलेली स्प्रिंग बसल्यासारखीच दिसते, असे त्यांनी तमिळमध्ये समजावले. मग गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली आणि पुढची चाके अधांतरी सोडली.

स्प्रिंगेचे शेवटचे टोक खालच्या वाटीतील पायरीला टेकलेले हवे आणि वरची रबरी गादी सरळ हवी. डाव्या बाजूचे टोक पायरीपासून दोन बोटे सरकले होते. मेस्त्रींनी ते हाताने फिरवून जागेवर आणले आणि म्हणाले, खरा दोष हाच, की ही हाताने फिरते. शॉक अब्सॉर्बर पूर्ण लांबल्यावरही स्प्रिंग थोडी दाबलेली राहिली पाहिजे. ही इतकी आखूड, की चाक खड्ड्यात उतरताच मोकळी होते आणि परतताना भलतीकडेच टेकते. आवाज त्या परतण्याचा होता.

रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम मी शाळेत घोकला होता : जितका दाब, तितका जोर. दाब सरला की जोरही सरतो, हे त्याच नियमाचे दुसरे टोक मी कधी पाहिलेच नव्हते. शिवाय निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांस मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येतेच.

पुतण्या काही वेळ गप्प होता. मग घरी जाऊन गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या मूळ स्प्रिंगा घेऊन आला. त्या बसवून झाल्यावर मेस्त्रींनी चाके अधांतरी असतानाच त्याचा हात धरून स्प्रिंगेवर ठेवला. त्याने जोर लावून पाहिला. ती हलली नाही.

मी परतलो तेव्हा टेबलावर एका प्रबंधाचा माझा अभिप्राय अर्धवट पडला होता. 'सैद्धान्तिक बैठक पक्की आहे' हे त्यातले वाक्य मी खोडले आणि प्रबंध पहिल्या पानापासून पुन्हा वाचावयास घेतला.