नियंत्रण कक्षातील माणूस

विजेचे बिल हाती आले की दरवाढीची चर्चा घरोघरी होते. ती वीज रात्रभर जागून कोणी निर्माण केली, हा विचार क्वचितच मनात येतो. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी येथील औष्णिक केंद्रांत तीन पाळ्यांमध्ये हा जागता पहारा चालू असतो. पहारेकऱ्याला ऑपरेटर म्हणतात. निवृत्तीला आलेल्या एखाद्या ऑपरेटरचा मुलगा पदविका घेऊन घरी येतो, तेव्हा त्याने वडिलांची वाट धरावी की नाही, हा प्रश्न आज त्या घराला पडतो. यंत्रेच यंत्रे चालवू लागली, तर माणसाला काम उरेल काय?

एका पिढीपूर्वी नियंत्रण कक्षाच्या भिंती काटे असलेल्या मापकांनी भरलेल्या असत. ऑपरेटर दर तासाला वाफेचा दाब, तापमान, बेअरिंगची कंपने लॉगबुकात उतरवून घेई. मुरलेला मुनीम खतावणीवर नजर टाकताच चूक हेरतो, तसा तो पंपाच्या बदललेल्या आवाजावरून बिघाड ओळखे. आज वाचन, नोंद आणि बरेचसे नियंत्रण संगणक करतो. बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणी यांचा मेळ घालून झडप किती उघडायची, हे तोच ठरवतो. धोका दिसताच संचही तोच बंद करतो. साहजिकच पडद्यांसमोर मोजकी माणसे पुरतात.

मात्र यातच एक पेच आहे. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश अभ्यासिकेने 1983 मध्येच तो दाखवून दिला होता. सोपे काम यंत्राकडे जाते आणि यंत्राला न जमणारा कठीण प्रसंग तेवढा माणसाकडे उरतो. पण रोजचा सराव सुटल्याने त्याच प्रसंगी त्याचा हात अडखळू शकतो. म्हणूनच ऑपरेटरला सिम्युलेटरवर पुनःपुन्हा सराव द्यावा लागतो. मनुष्यबळ कमी करताना या प्रशिक्षणाच्या खर्चात काटकसर करणे म्हणजे विम्याचा हप्ता वाचवण्यासारखे आहे.

संगणकापेक्षा मोठे परिवर्तन इंधनात होत आहे. 1882 मध्ये लंडनला कोळशावर सार्वजनिक वीजनिर्मिती सुरू झाली. त्याच ब्रिटनने 30 सप्टेंबर 2024 रोजी कोळशावरचे आपले शेवटचे केंद्र बंद केले. भारतात आजही बहुतांश वीज कोळशाचीच आहे. परंतु 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे आणि 2070 पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जनाचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. दुपारी सौर वीज मुबलक असते, तेव्हा औष्णिक संचाचा भार उतरवावा लागतो. सूर्य मावळताच तो चढवावा लागतो. या रोजच्या चढउतारात बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो. तेथे जाणत्या ऑपरेटरची किंमत वाढते. सौर प्रकल्पात मात्र एवढी माणसे लागत नाहीत, हेही तितकेच खरे. सर्वांत असुरक्षित आहेत ते कोळसा व राख हाताळणारे कंत्राटी कामगार. त्यांच्या हाती ना प्रमाणपत्र असते, ना नोकरीची शाश्वती.

बँकांत 1980 च्या दशकात संगणक येऊ लागले, तेव्हाही संघटनांनी विरोध केला होता. हाताने लिहिलेले लेजर गेले, बँक राहिली. मात्र कामाचे स्वरूप पार बदलले आणि नवे काम शिकलेल्यांचा निभाव लागला.

त्या तरुणाने वीज क्षेत्रात जरूर जावे; मात्र केवळ पडद्यावर नजर ठेवण्याच्या कामावर विसंबू नये. उपकरणशास्त्र आणि संरक्षण प्रणाली यांचे ज्ञान औष्णिक केंद्राबाहेर, वीज उपकेंद्रातही चालते. घाटघरसारख्या प्रकल्पात पाणी वर चढवून गरजेच्या वेळी त्यापासून वीज निर्माण करतात. तेथेही त्याचा उपयोग होतो. वडिलांनी मुलाला द्यावी ती पंपाचा आवाज ओळखण्याची सवय. संगणकाचा आकडा आणि प्रत्यक्ष यंत्र यांत तफावत पडते, तेव्हा तीच उपयोगी पडते.