मार्चअखेर

वित्तीय शिस्तीच्या ज्या नियमांची आम्ही अधिकारी मंडळी दरवर्षी परिपत्रकांतून आठवण करून देतो आणि दरवर्षी मोडतो, त्यांत एक नियम मोठा मार्मिक आहे. केंद्र शासनाच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीतला नियम 62 सांगतो की, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग समजावा. तरीही 31 मार्चच्या रात्री कोषागाराचे दिवे उशिरापर्यंत का जळतात, हे सरकारी कचेरीशी संबंध आलेल्या वाचकांना सांगायला नको. हा नियम स्वतःच्या शरीराला लावावा लागेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

2019 साली दिल्लीतील एका संधिवाततज्ज्ञांनी माझ्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया हे नाव दिले. त्याआधी दोन वर्षे मान, खांदे, कंबर, मांड्या आळीपाळीने दुखत. आठ तास झोपूनही रात्रभर जागल्यासारखे वाटे. फाइलवरचा एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागे. रक्त निर्दोष, क्ष-किरणही निर्दोष. अखिल भारतीय सेवेतील चाळिशी उलटलेल्या अधिकाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि तिचा गोषवारा कार्यमूल्यमापन अहवालाला जोडला जातो. माझा गोषवारा दरवर्षी उत्तमच होता. भोपाळमधले सहकारी म्हणत, ‘सर, आप तो बिल्कुल ठीक दिखते हैं.’ दिसत होतोच.

डॉक्टरांनी समजावले, की बिघाड स्नायूंत किंवा सांध्यांत नसून वेदनेचा संदेश हाताळणाऱ्या यंत्रणेत आहे. मेंदू आणि मज्जारज्जू लहानसा संदेशही मोठा करून ऐकतात. गोळ्या दिल्या, पण मुख्य उपचार व्यायाम, असे बजावले. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ‘ठाम’ हा शेरा केवळ व्यायामालाच मिळाला आहे. मला हायसे वाटले. मसुरीच्या अकादमीत भल्या पहाटे पोलो ग्राउंडवर कवायत करून पुन्हा तो चढ चढलेला मी माणूस. व्यायामाचे मला काय शिकवणार!

पहिल्याच बऱ्या रविवारी मी बड्या तालाबाच्या काठाने दोन तास चाललो. सोमवारी उठवेना. मंगळवारचा दौरा रद्द झाला, शुक्रवारपर्यंत शर्टाची बाही चढवतानाही कळ येई. पुढच्या बऱ्या दिवशी, बुडालेले भरून काढायचे म्हणून, पुन्हा तेच. असे चार-पाच महिने गेले. शेवटी डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली. ती वही पाहून ते म्हणाले, ‘तुम्ही शिल्लक दिसली की सगळी उधळता. वाईट दिवशी शून्य नको आणि चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा एक मिनिटही जास्त नको.’ अकरा महिने काटकसर आणि मार्चमध्ये उधळपट्टी. माझ्याच खात्याचा खर्चाचा आलेख!

सुरुवात सहा मिनिटांनी झाली. सहा! बंगल्याच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत आणि परत. दर दोन आठवड्यांनी एक मिनिट वाढवायचे, दुखणे उसळले तर मागच्या आकड्यावर यायचे. दुखत असताना चालणे अवघड खरेच. पण अंग हलके असताना, थंड वारा सुटलेला असताना थांबणे त्याहून अवघड. शेजारचे निवृत्त न्यायाधीश पाचवी फेरी मारताना माझ्याकडे करुणेने पाहत. वर्षभराने मी बावीस मिनिटांवर आलो आणि बहुधा तिथेच राहीन.

आता न सांगता येण्याजोगी गोष्ट. 2008 साली एका जिल्ह्यात असताना आमच्या आस्थापना शाखेतल्या एका महिला लिपिकाने ‘सर्वांग दुखते’ या कारणास्तव तिसऱ्यांदा अर्धपगारी रजा मागितली. मी तिला वैद्यकीय मंडळाकडे पाठवले. मंडळाने ‘कामास योग्य’ असे लिहिले. मी टिपणीवर ‘सबबी पुरे, तत्काळ रुजू व्हावे’ अशी ओळ लिहिली. त्या ओळीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. ती रुजू झाली. कठडा धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत ती वरच्या मजल्यावर चढे. मला ते नाटक वाटे.

निदान झाल्यावर मी त्या कचेरीत चौकशी केली. तिने 2011 सालीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, पत्ता कुणाकडे नव्हता. तिला हाच आजार होता का, हे मला कळणार नाही. दिव्यांगांच्या 2016च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे नियमांनी मला आजही अडवले नसते.

असो. पुढच्या आठवड्यात तीन जिल्ह्यांचा दौरा आहे. जीपमधून उतरल्यावर विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सकाळी अकरा मिनिटे, संध्याकाळी अकरा मिनिटे. गेल्या खेपेस तिथल्या चौकीदाराने माझे काही हरवले आहे का, असे विचारले होते.