बुजवलेल्या तलावाचा हिशेब

पोहण्याचा तलाव बांधण्यापेक्षा बुजवणं किती तरी सोपं. पाणी उपसायचं, पुढे पावसाचं पाणी आत कोंडून राहू नये म्हणून तळाला मोठी भोकं पाडायची, भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग फोडून तो आतच ढकलायचा, त्यावर राडारोडा, माती आणि शेवटी गवत. अमेरिकेत घरामागचे तलाव याच रीतीने नाहीसे होतात. मुलं मोठी होऊन निघून जातात, विम्याचा हप्ता डोईजड होतो, देखभाल परवडत नाही. पुढे कधी तरी ते घर विकत घेणाऱ्याच्या कुदळीला हिरवळीखाली काँक्रीट लागतं आणि त्याला मोह होतो, की उकरून बघावं का? अशा खासगी तलावाबाबत जाणकाराचं उत्तर बहुधा 'नको' असंच येईल, आणि ते योग्यही आहे. तळाला भोकं पाडलेली, सळयांपर्यंत पाणी मुरलेलं, नळ गंजलेले. भराव काढायचा तर तोही बेताने, कारण एका बाजूची माती आधी उपसली तर दुसऱ्या बाजूच्या दाबाने भिंत आत येते. तळाची भोकं बुजवून तलाव रिकामा ठेवला आणि भूजलाची पातळी वर असली, तर अख्खा सांगाडा होडीसारखा उचलला जाऊ शकतो. पंप, गाळणी, नळ, वीज सगळं नवंच घ्यावं लागतं. म्हणजे जुन्यातलं वाचतं काय, तर एक खड्डा. आणि खड्डा खणणं हा तलावाच्या खर्चातला मोठा भाग नव्हेच.

इतका सरळ हिशेब असताना मिसिसिपी राज्यातल्या स्टोनवॉल या छोट्या गिरणीगावात 2006 साली एक बुजवलेला तलाव उकरायला घेतला गेला, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ला त्याची बातमी का करावीशी वाटली? हा तलाव देखभाल परवडेना म्हणून बुजवलेला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, काळी मुलंही आता त्यात उतरणार हे स्पष्ट झालं तेव्हा, त्यावर माती लोटली गेली होती. उकरायला घेणारे गिल्बर्ट कारमायकेल हे गोरे, रिपब्लिकन पक्षाचे, 1972 साली अमेरिकी सिनेटची आणि पुढे गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून हरलेले, थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीत रेल्वेचे केंद्रीय प्रशासक राहिलेले गृहस्थ. क्रांतिकारक वगैरे मुळीच नव्हते. अशा माणसाला तो तलाव पुन्हा हवासा वाटला याचं मला अप्रूप वाटतं. पण हे करावं की करू नये, याचा निर्णय एका भल्या माणसाच्या इच्छेवर सोडण्यासारखा नाही. माझं म्हणणं असं, की तलाव कोणत्या कारणाने बुजवला त्यावर तो उकरायचा की नाही हे ठरायला हवं. पैशाच्या कारणाने गेलेला तलाव पैशाच्या हिशेबाने गेलेलाच बरा. माणसांना दूर ठेवण्यासाठी बुजवलेल्या तलावाचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही, आणि त्यात काँक्रीटची किंमत ही एकच रक्कम धरणं म्हणजे खातं अर्धवट लिहिणं होय.

त्या खात्याचं दुसरं पान इतिहासकार जेफ विल्टसी यांनी 'कॉन्टेस्टेड वॉटर्स' या पुस्तकात उलगडून दाखवलं आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शहरांत सुरुवातीचे सार्वजनिक तलाव हे गरिबांच्या अंघोळीची सोय म्हणून आले. तिथे स्त्रिया आणि पुरुषांचे दिवस वेगळे असत, पण काळे-गोरे कामकरी एकाच पाण्यात उतरत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले आणि नेमकं तेव्हाच काळ्यांना बाहेर काढलं गेलं. उघड्या अंगाने, एका पाण्यात, गोऱ्या बाईजवळ काळा पुरुष ही कल्पनाच असह्य होती. विटाळ आणि स्त्रीवरचा पहारा यांची जोडी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात गोरेतर लोकांसाठी आठवड्यातला एकच दिवस राखलेला असे आणि त्यानंतर तलावाचं पाणी बदललं जाई. सेंट लुईसचा फेअरग्राउंड पार्कमधला तलाव तर प्रचंड मोठा. 1949 च्या जूनमध्ये तो काळ्यांना खुला केल्याच्या पहिल्याच दिवशी दंगल झाली. 1948 साली, म्हणजे फक्त गोऱ्यांसाठी होता तेव्हा, तिथे 3,13,000 वेळा लोक पोहायला आले. न्यायालयाच्या आदेशाने सर्वांना खुला झाल्यावर 1950 च्या उन्हाळ्यात हा आकडा 10,000 वर आला. काही वर्षांत तलाव बंदच झाला. गोरे पोहायचे थांबले असं नाही. ते कुंपणाआडच्या क्लबांत आणि स्वतःच्या परसात गेले. 1950 साली अमेरिकेत जमिनीत खोदलेला तलाव असलेली घरं सुमारे 2,500 होती, शतकाच्या अखेरीस ती चाळीस लाखांच्या घरात गेली. तेव्हा परसातला तलाव उकरावा का, हा वर म्हटला तो निरुपद्रवी घरगुती प्रश्नही याच इतिहासाच्या पोटातून आलेला आहे.

यावर कायद्याच्या भाषेतला एक आक्षेप आहे, आणि तो हास्यास्पद नाही. तलाव सगळ्यांनाच बंद केला, मग अन्याय कोणावर? मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथे नेमकं हेच घडलं. न्यायालयाने भेदभाव बेकायदा ठरवल्यावर शहराने आपले तलाव सर्वांना मिळून चालवण्याऐवजी बंद केले आणि कारण दिलं सुरक्षिततेचं व पैशाचं. 1971 साली 'पामर विरुद्ध थॉम्पसन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराची बाजू उचलून धरली, कारण बंदी काळ्या-गोऱ्या दोघांनाही सारखीच लागू होती. कागदावर हे बरोबर दिसतं. पण बंद दरवाजाबाहेर उभे असलेले दोघे सारखे नव्हते. एकाकडे क्लबाचं सभासदत्व होतं, दुसऱ्याकडे नदीचा डोह. इथे महाडची आठवण येते, ती केवळ साम्य म्हणून नव्हे, तर फरकामुळे. मुंबई कायदेमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ते पाणी प्याले, त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याने तळं 'शुद्ध' केलं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. या सगळ्या रागात कोणी तळं बुजवायला निघालं नाही. निघणं शक्यही नव्हतं, कारण ते पाणी सवर्णांनाही लागत होतं. स्टोनवॉलचं पाणी पिण्याचं नव्हतं, मौजेचं होतं, म्हणून त्यावर माती लोटता आली. मौजेच्या गोष्टीत द्वेष जास्त स्पष्ट दिसतो असं मला यावरून वाटतं: स्वतःच्या मुलांचा उन्हाळा घालवण्याचीही तयारी होती. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराने तर 1959 साली सगळ्या बागांनाच कुलूप ठोकलं, प्राणिसंग्रहालयही बंद केलं आणि ओक पार्कमधला तलाव भरून टाकला. पुढे बागा उघडल्या. तो तलाव काही उघडला नाही.

व्यवहारी माणूस म्हणेल, झालं ते वाईट झालं, पण पन्नास वर्षांनंतर त्याचा भुर्दंड हजारेक वस्तीच्या गावाने का सोसावा? सोसावा, कारण भुर्दंड आधीच कोणी तरी सोसतं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवलं आहे की दहा ते चौदा वर्षांच्या काळ्या मुलांचं तलावात बुडून मरण्याचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या 7.6 पट आहे. यूएसए स्विमिंग फाउंडेशनच्या 2017 च्या पाहणीत 64 टक्के आफ्रिकन-अमेरिकन मुलांना पोहता येत नव्हतं किंवा जेमतेम येत होतं. गोऱ्या मुलांत हे प्रमाण 40 टक्के होतं. ज्या घरात आई-बापाला पोहता येत नाही त्या घरातलं मूल सहसा शिकत नाही, हेही अशा पाहण्यांतून पुढे आलं आहे. म्हणजे 1972 साली ज्या मुलीला पाण्यापासून लांब ठेवलं, तिच्या नातवापर्यंत ते पोचतं. याला एकटा तलाव जबाबदार आहे असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. गरिबी, शाळा, अंतर, पाण्याची पिढीजात भीती, सगळंच त्यात आहे. तरी भीतीसुद्धा कुठून तरी येते, आणि जिथे शिकायची सोयच काढून घेतली तिथे तिचा उगम फार शोधावा लागत नाही.

दुसरा आक्षेप मला यापेक्षा वजनदार वाटतो. उद्देश जर मुलांना पोहायला शिकवणं हा असेल, तर जुनाच खड्डा कशाला? सांगाडा नव्या नियमांत बसवायचा तर मुख्य निचऱ्यावर माणूस अडकू नये अशी झाकणं हवीत, तसा कायदा 2007 साली झाला आहे. अपंगांना उतरता यावं म्हणून उतार किंवा लिफ्ट हवी. अंतर, खोली, कठडे सगळं तपासायला हवं. शेजारच्या मोकळ्या जागेत नवा, लहान, उथळ तलाव कदाचित स्वस्त पडेल. हे मला मान्य आहे, आणि म्हणून उकरण्याआधी नमुने काढून काँक्रीट तपासावं, सळया पाहाव्यात, आणि सांगाडा टिकणार नसेल तर हट्ट धरू नये. मात्र नवा तलाव बांधायचाच तर तो त्याच जागी बांधावा, असं मला वाटतं. जागा बदलली की गोष्ट बदलते: 'आम्ही गावासाठी तलाव बांधला' असं होतं, आणि तो कोणी, का बुजवला होता हे हिरवळीखालीच राहतं. काही शहरांनी पोहण्याच्या तलावाऐवजी नुसती कारंजांची पटांगणं केली आहेत. जीवरक्षक लागत नाही, खर्च कमी. उन्हाळ्यात ते छानच, पण त्यात पोहायला कोणी शिकत नाही, म्हणून वरच्या हिशेबातली मुख्य रक्कम तशीच उरते.

मग काही भली माणसं म्हणतात, ती जागा आहे तशी राहू द्या, साक्ष म्हणून. हवी तर पाटी लावा. हे मला पटत नाही. मातीखालचा तलाव साक्ष देत नाही. तो बुजवणाऱ्यांना हवा होता तेवढाच गप्प आहे. उलट टोकाचा आक्षेप, जुन्या जखमा का उकराव्यात, हा नेहमी त्यांच्याकडून येतो ज्यांना जखम झाली नव्हती. पाटी लावायची तर ती पाणी भरलेल्या तलावाशेजारी, तारखेसह: कधी बांधला, कधी बुजवला, कोणी येऊ नये म्हणून. आणि स्टोनवॉलसारख्या गावात जागा खासगी मालकीची असेल, तर कुदळ मारण्याआधी आणखी दोन गोष्टी लिखित करून घ्यायला हव्यात. एक, तलाव नगरपालिकेच्या किंवा विश्वस्त निधीच्या ताब्यात जाईल, मालक बदलला तरी दार बंद होणार नाही. दोन, प्रवेश फी काय असेल. क्लबांनी रंगाचा नियम काढून टाकल्यानंतरही फीच्या जोरावर तेच काम चालू ठेवलं, म्हणून हे महत्त्वाचं. तिसरी गोष्ट करारात बसत नाही, तिला दरवर्षी पैसे लागतात: शिकवणारा माणूस आणि काठावर बसणारा जीवरक्षक. त्यांच्या पगाराची तरतूद ज्या अंदाजपत्रकात नाही, त्या अंदाजपत्रकावर उकरण्याची मंजुरी देऊ नये.