बोललेल्या शब्दाचा हिशेब

जिभेला हाड नसते, असे आपण मराठीत म्हणतो. कन्नडमध्ये म्हण आहे, 'मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु.' बोललेला शब्द गेला, फुटलेला मोती गेला. दोन्ही पुन्हा सांधता येत नाहीत. आमच्या घरी या दोन्ही म्हणी चालतात. पहिली माझ्या आईच्या तोंडी असायची, दुसरी मुलांची अज्जी अजून वापरते. दोन भाषांच्या घरात शब्द जरा जास्तच जपून वापरावा लागतो. एका भाषेतली थट्टा दुसऱ्या भाषेत अपमान ठरते, आणि आपल्या सीमाभागात तर घरात बोललेले घरातच राहील याचीही खात्री नसते.

कॉलेजात भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला की मुले उत्साहाने राज्यघटनेचे कलम 19 सांगतात. "सर, बोलण्याचा आम्हाला हक्क आहे." हक्क आहेच, आणि तो असलाच पाहिजे. पण बोलून झाल्यावर त्या शब्दाचे पुढे काय होते आणि त्याचा हिशेब कोणी द्यायचा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही. ख्रिस्ती धर्मविचाराने या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला आहे, हे मला इंदूरच्या मुक्कामात कळले.

इंदूरला माझी मावशी राहते. होळकरांच्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांची मराठी हिंदीत मुरलेली आहे, जशी आपली कन्नडमध्ये. मावशीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. मूळचे ते नगर जिल्ह्यातल्या कॅथलिक घराण्यातले. सकाळच्या पोहे-जिलबीच्या वेळी त्यांच्याशी गप्पा रंगत. एका सकाळी त्यांनी मला सिस्टर राणी मारिया यांची हकिगत सांगितली. नाव मी ऐकले होते, पण तपशील ठाऊक नव्हते.

राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळी गावच्या. जन्म 1954 चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या संन्यासिनी होत्या. इंदूर धर्मप्रांतात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगर परिसरात त्या आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांत काम करीत होत्या. हे काम मुख्यतः शब्दांचेच होते. सरकारी योजना काय आहेत, बँकेचे कर्ज कसे मिळते, सावकाराच्या व्याजाचा हिशेब कसा तपासायचा, हे त्या लोकांना समजावून सांगत. त्यांनी बचत गट उभे केले. ज्याला आजवर नुसता अंगठा उठवायला सांगितले जात होते, तो माणूस आता कागदावर काय लिहिले आहे ते विचारू लागला. ज्यांचे या अडाणीपणावर चालत होते, त्यांना हे खुपणे स्वाभाविकच होते.

मग दुसऱ्या प्रकारचे शब्द फिरू लागले. ही बाई लोकांना बाटवते, लोकांना भडकवते, अशी कुजबूज सुरू झाली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या उदयनगरहून बसने इंदूरकडे निघाल्या होत्या. तिथून पुढे केरळला घरी जायचे होते. वाटेत समंदर सिंह नावाच्या तरुणाने भर बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार केले. पन्नासच्या वर घाव होते. वय अवघे 41. आपले कान गावातल्या वजनदार माणसांनी भरले होते, असे समंदर सिंहने पुढे सांगितले.

शिक्षक एवढे सांगून थांबले. मग म्हणाले, "चाकू ज्याच्या हातात होता तो तुरुंगात गेला. शब्द ज्यांच्या तोंडात होते त्यांचे हात स्वच्छच राहिले. आमच्या धर्मात मात्र त्यांचाही हिशेब होतो."

तो हिशेब कसा, हे त्यांनी समजावून सांगितले. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. तिच्या आधारे कॅथलिक चर्चने 1992 च्या आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात जिभेचे दोष वेगवेगळे करून मांडले आहेत. पुरेशा पुराव्याशिवाय दुसऱ्याला मनातल्या मनात दोषी ठरवणे, हा पहिला. दुसऱ्याचा खरा दोष, कारण नसताना, ज्याला तो माहीत नव्हता त्याला जाऊन सांगणे, हा दुसरा. आपल्याकडे याला चहाडी म्हणतात. आणि खोटे रचून कुणाचे नाव खराब करणे, हा तिसरा. म्हणजे आपले कुभांड. दुसऱ्या दोषापाशी मी अडखळलो. खरे बोलणेसुद्धा पाप? "खरे असणे पुरेसे नाही," शिक्षक म्हणाले. "ते सांगण्याची गरज होती का, हाही प्रश्न आहे."

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटला. शब्दाने कुणाचे नुकसान केले असेल तर देवाची क्षमा मागून भागत नाही. ते नुकसान भरून द्यावे लागते. शक्य असेल तर उघडपणे, ते जमत नसेल तर निदान खासगीत त्या माणसापुढे. चोरलेले पैसे परत करावे लागतात, तसेच घालवलेले नावही परत करावे लागते. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात जिभेला घोड्याच्या लगामाची, जहाजाच्या सुकाणूची आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. तिन्ही गोष्टी आकाराने लहान आहेत, पण त्यांचा परिणाम फार दूरवर जातो.

हे ऐकून कुणाला वाटेल की मग गप्प बसणेच बरे. तसा अर्थ मुळीच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. अटकेनंतर प्रमुख याजकासमोर येशूची चौकशी चालू असताना तिथला एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो. येशू उलट हात उचलत नाही, पण गप्पही बसत नाही. बोलण्यात चूक असल्यास ती दाखवण्याचे आव्हान तो देतो आणि चूक नसेल तर मारण्याचे कारण विचारतो. शब्दाला उत्तर शब्दानेच द्यावे, हातांनी नाही, हा आजच्या भाषणस्वातंत्र्याचा गाभा त्या प्रश्नात आला आहे.

आपल्या मराठी मुलखाने हे चांगले अनुभवले आहे. 1857 च्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते. ऐकायला गर्दी जमे. दोन्ही बाजू एकमेकांच्या धर्मावर कठोर टीका करीत, पण ती समोरासमोर आणि स्वतःच्या नावाने. ते वाद पुढे छापूनही निघाले. त्याच 1857 साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. पदमनजी आपल्या बेळगावचे, जन्म 1831 चा, 1854 साली ते ख्रिस्ती झाले. विधवांचे हाल त्यांनी या पुस्तकात मांडले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ज्यांना बोलता येत नव्हते त्यांच्या वतीने बोलणे, हा शब्दाचा उपयोग पदमनजींनी केला आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरच्या उदयनगरात राणी मारियांनीही तोच केला.

घटना समितीतही हा प्रश्न आला होता. आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क कलम 25 मध्ये असावा की नाही, यावर डिसेंबर 1948 मध्ये चर्चा झाली. प्रसार हा शब्द ख्रिस्ती समाजाला महत्त्वाचा वाटतो, हे कन्हैयालाल मुन्शी यांनी सांगितले. तो शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याखाली दुसऱ्याला पटवून देण्याची मुभा राहिलीच असती, असेही त्यांचे म्हणणे होते. पुढे मध्य प्रदेशाने 1968 साली धर्म स्वातंत्र्याचा कायदा केला. बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून होणाऱ्या धर्मांतराला त्यात बंदी होती. फादर स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली हा कायदा वैध ठरवला. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा तो हक्क नव्हे, असे न्यायालय म्हणाले. घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवई यांना हा निकाल मान्य नव्हता. 2021 मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा आला आणि वाद अजून संपलेला नाही. कायदा बोलण्याच्या सीमा आखतो. त्या सीमेच्या आत राहूनही माणूस किती विष पेरू शकतो, हे मात्र कायद्याच्या हाती पूर्णपणे कधीच येत नाही.

ख्रिस्ती सत्तांनी ही शिकवण नेहमी पाळली असेही नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीवर जीव लावला आणि 1616 साली 'क्रिस्तपुराण' रायतूर इथे छापले. परक्या माणसाने इथल्या लोकांशी त्यांच्याच शब्दांत बोलण्याचा तो प्रयत्न होता. त्याच गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. तोंडातली भाषाच काढून घेतली की बोलण्याच्या हक्काला काय अर्थ उरतो, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कोंकणी मात्र टिकली. आयांनी ती घरात टिकवली.

आता राणी मारियांची उरलेली हकिगत. समंदर सिंहला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही संन्यासिनीच, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. आमच्या मनात तुझ्याविषयी राग नाही, हे त्या कुटुंबाने उघडपणे सांगितले. त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंब आणि चर्च यांनी विनंती केली आणि 2006 मध्ये तो सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला आणि त्याने माफी मागितली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आले. संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी.

मला यात शब्दांचाच हिशेब दिसतो. कुजबुजीने एका अडाणी तरुणाच्या हातात चाकू दिला. क्षमेच्या शब्दांनी त्याच माणसाला पुन्हा माणसांत आणले. क्षमा करा असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही, आणि कान भरणाऱ्याला ते क्वचितच गाठू शकते. या दोन्ही जागा माणसाच्या स्वतःच्या सदसद्विवेकाच्या आहेत. धर्म कोणताही असो, त्याचे खरे काम तिथे सुरू होते. तुकोबांनी शब्दाला धन आणि शस्त्र दोन्ही मानले, बसवण्णांनी बोलण्याला मोत्यांच्या हाराची उपमा दिली. इंदूरच्या त्या शिक्षकांचे म्हणणे या दोघांना परके वाटले नसते.

आता आपल्याकडे पाहू. सीमाप्रश्नावर गावात थोडे तापले की मोबाइलवर निरोप धावू लागतात. अमक्या गावात मराठी माणसाला मारले, तमक्या स्टँडवर कन्नड कंडक्टरला घेरले. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा, दुसऱ्याच वर्षाचा असतो. आमच्या नात्यातल्या एका गटावर असाच एक निरोप आला होता. त्या गटात माझ्या बायकोचे भाऊ आहेत आणि माझे चुलतभाऊही आहेत. दोन दिवस कुणी कुणाशी बोलले नाही. बातमी खोटी निघाली, तेव्हा पाठवणाऱ्याने निरोप गुपचूप पुसून टाकला. सगळे मिटले असे त्याला वाटले. पण निरोप पुसला तरी मनात बसलेला सल जात नाही. ज्या मामाविषयी मुलांनी वाकडे ऐकले, त्याच्याकडे ती पुढचे कित्येक दिवस बिचकून पाहत होती.

नुकसान भरून द्या, ही ती ख्रिस्ती शिकवण इथे उपयोगी पडते असे मला वाटते. ज्या गटावर खोटे पाठवले त्याच गटावर, तेवढ्याच ठळकपणे, ते खोटे होते असे लिहावे. ज्या ओट्यावर एखाद्याची नालस्ती केली, त्याच ओट्यावर, त्याच मंडळींपुढे ती मागे घ्यावी. आणि त्यात मुले असतील तर त्यांना बाजूला बसवून दोन्ही भाषांत समजावून सांगावे. यासाठी कायदा लागत नाही, पोलीस लागत नाहीत. थोडा मान खाली घालण्याची तयारी लागते, आणि तीच आपल्याला जड जाते.

वर्गात आता कुणी "सर, बोलण्याचा हक्क आहे" म्हणाले की मी हो म्हणतो. मग विचारतो, ज्याच्याविषयी बोललास तो समोर बसला असता तर हेच बोलला असतास का? मुले थोडा वेळ गप्प होतात. मग एखादा हात वर येतो, आणि त्यानंतर वर्गात जे बोलणे होते ते ऐकण्यासारखे असते.