मांडवा ते कुडा : सायकलवरून समुद्रकाठ

माझी सायकल तीस वर्षे फक्त कारखान्याच्या गेटपर्यंत गेली. पहिली पाळी असो की रात्रपाळी, हँडलला डबा आणि कॅरियरला कधी रेशनचे गहू, कधी दवाखान्यात न्यायची आई. सायकलवरून नुसते फिरायलाही जातात, हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मी निवृत्त झालो तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, चला, समुद्रकाठाने जाऊ."

"अगं, ती मोठ्या लोकांची हौस."

"सायकल आपली, पाय आपले. मग हौस दुसऱ्याची कशी?"

यावर मला उत्तर सुचले नाही. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोहोचलो. येथून मांडव्याला २०२० सालापासून वाहने नेणारी रो-रो बोट जाते. सायकली बोटीत चढवल्या आणि तासाभराने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरलो. पहिला मुक्काम अलिबागला केला. ओहोटी होती, म्हणून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी नागाव, चौल, रेवदंडा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, रस्ता सपाट आणि सावलीचा. चौल हे फार जुने बंदर. रेवदंड्याला कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की मात्र डोंगर समुद्राला येऊन भिडतो आणि चढ सुरू होतात. कोर्लईला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. पायथ्याच्या गावातली काही कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात.

काशीदच्या आधीच्या चढाला माझा दम गेला. खाली उतरून सायकल ढकलायची मला लाज वाटली. लेक आधीच उतरून चालत होती. ती म्हणाली, "बाबा, आज कुठली पाळी गाठायची आहे?" मी मुकाट्याने खाली उतरलो. वाचकहो, आयुष्यात प्रथमच मला घड्याळाची भीती वाटली नाही. उजव्या हाताला समुद्र होता. तो पाहायला आम्ही वळणावळणावर थांबलो. चढ संपला की उतार येतोच, पण उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर आणि चेन तपासा, पंक्चरचे सामान व पाणी जवळ ठेवा आणि ऊन चढण्याआधी वाट चाला.

मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी भर पाण्यात जंजिरा उभा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे ठाणे. त्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्र मागे ठेवला आणि खाडीच्या आतल्या अंगाला, तळा तालुक्यातल्या कुडा लेण्यांकडे वळलो.

सायकली पायथ्याशी ठेवून डोंगर चढलो. येथे २६ बौद्ध लेणी आहेत. समोर खाडीचे पाणी पसरलेले दिसते. एके काळी बंदरातला माल याच पाण्यावरून ये-जा करी. भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरले आहेत. आम्हां दोघांना ती लिपी वाचता येत नव्हती, पण अभ्यासकांनी ते लेख वाचले आहेत. दान देणाऱ्यांत सत्ताधारी घराण्यातली माणसे आहेत, तसाच कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, फुलांचा धंदा करणारा माळी आहे, वैद्य आहे. आपापल्या धंद्यावर जगणाऱ्या माणसांनी कमाईतला वाटा या डोंगरासाठी दिला आणि त्यांची नावे दगडात राहिली.

मी त्या अक्षरांपुढे बराच वेळ बसलो. जन्मभर वाटत आले होते की असे किनारे, असे डोंगर आपल्यासाठी नसतात. तिथे बसल्यावर ते खरे वाटेना. लेकीने डब्यातल्या भाकऱ्या सोडल्या. आम्ही खाडीकडे तोंड करून जेवलो.

घरी आल्यावर शेजारच्यांनी विचारले, "किती किलोमीटर झाले?" मी मोजलेच नव्हते. दारात सायकल असलेल्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे : निवृत्तीची वाट पाहू नका. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन निघा. जवळ जा, पण सावकाश जा.