उणे बारा

ऋण म्हणजे देणे, उणीव. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांची या शब्दाशी एवढीच ओळख. त्यामुळे पदार्थविज्ञानाचे सहकारी पिंप्राळ्याला घरी येऊन "सर, तुमच्या अँप्लिफायरला उणे १२ व्होल्टही लागतील" असे म्हणाले, तेव्हा विजेचेही कर्ज काढावे लागते की काय, अशी शंका आम्हांस आली.

२००९ च्या हिवाळ्यात आम्ही आईच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत होतो. तिचे वय ऐंशीच्या पुढे. पुढच्या वर्षी करू म्हणण्याची सोय नव्हती. वीज केव्हाही जाई, म्हणून माइकचा अँप्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला, आणि आईचा स्वर फाटका, घोगरा उमटला. आवाजाची लाट शून्याच्या वर जाते तितकीच खालीही उतरते. आमच्या अँप्लिफायरला शून्याखाली जागाच नव्हती. लाटेचा खालचा अर्धा भाग कापला जात होता.

सहकाऱ्यांनी बोटाच्या पेराएवढा एक काळा ठोकळा आणला. १२ व्होल्ट घेऊन १२ च देणारा! हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे आम्ही विचारले. उत्तर असे, की आत येणारी वीज अतिवेगाने चालू-बंद करून एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे नेतात आणि तेथे पुन्हा सरळ करतात. मधला सेतू चुंबकत्वाचा, तारेचा नव्हे. म्हणून पलीकडच्या दोन टोकांपैकी शून्य कोणते, हे आपण ठरवायचे. बाहेरचे धन टोक त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकाला, म्हणजे सामाईक शून्याला, जोडले. दुसरे टोक आपोआप उणे १२ झाले. दोन्ही बाजू आतून तारेने जोडलेल्या असत्या, तर याच जोडणीने शॉर्ट झाला असता.

आम्हांला 'लीलावती' (११५०) आठवली. त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, भूमी ९. लंब भूमीच्या बाहेर पडतो आणि भूमीचे खंड येतात १५ व उणे ६. भास्कराचार्य त्या उणे सहाला टाकून देत नाहीत. तो उलट दिशेने मोजायचा, एवढेच सांगतात. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. म्हणजे हा धडा आमच्याच जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी गिरवला गेला असणार. आम्ही मात्र तो एका ठोकळ्याकडून शिकलो.

नवी जोडणी झाल्यावर आवाजामागे एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली. ती त्या चालू-बंदीची. एक वेटोळे आणि दोन कपॅसिटर बसवल्यावर ती निमाली. मग जात्याची घरघर, बांगड्यांचा नाद, ओवीच्या शेवटी आईचा खाली उतरणारा श्वास, सारे आले.

पहिल्या दोन संध्याकाळच्या ओव्या तेवढ्या तशाच राहिल्या. लाटेचा कापलेला भाग कोणत्याही जोडणीने परत येत नाही. त्या पुन्हा म्हण, अशी आम्ही आईला विनवणी केली. ती जात्याचा खुंटा धरून बराच वेळ बसली, आणि तिला त्या आठवल्या नाहीत.