म्हातारी खोटं बोलते, बोलू द्या

मुलांसाठी लिहिलेल्या लोककथेचं हस्तलिखित हाती आलं की मी आधी शेवटचं पान उघडते. तिथे हटकून 'तात्पर्य' असतं आणि माझी पेन्सिल तिथूनच कामाला लागते. लेखक नाराज होतात. पुस्तक प्रदर्शनात पालक विचारतात, "पण मुलं यातून शिकणार काय?" बालपुस्तकांचं संपादन आणि लोककथांचं पुनर्कथन करताना या प्रश्नानं माझी पाठ कधी सोडलेली नाही.

तात्पर्याची ही सवय आपल्याला प्रामुख्यानं इसापानं लावली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसपनीती १८२८ची, म्हणजे मराठी बालवाचनाच्या अगदी आरंभीची. पण ग्रीकांकडे या गोष्टी मुळात मुलांच्या नव्हत्याच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास फालेरमच्या दिमीत्रिअसनं त्यांचा संग्रह केला, तो वक्त्यांच्या सोयीसाठी असावा असं अभ्यासक मानतात. भाषणात कोणत्या मुद्द्याला कोणती गोष्ट लावायची, हे चटकन सापडावं म्हणून गोष्टीला एक ओळ जोडलेली. वक्त्यांच्या सोयीची ही नोंद पुढे पोरांच्या माथी आली!

पंचतंत्राची तर त्याहून गंमत. विहिरीत स्वतःचंच प्रतिबिंब पाहून उडी घेणारा सिंह आणि त्याला तिथवर नेणारा ससा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' असं वहीत उतरवतो आणि पुढे जातो. पण ही गोष्ट 'मित्रभेदा'त सांगतो कोण? दमनक कोल्हा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडायचा त्याचा बेत आहे आणि तो साधेल हे आपल्या साथीदाराला, करटकाला, पटवण्यासाठी तो सशाचा दाखला देतो. बेत साधतोही. बैल मारला जातो आणि दमनक सुखानं प्रधानकी करतो. विष्णुशर्म्यानं राजपुत्रांना सज्जन करायचं कंत्राट घेतलं नव्हतं. दरबारात माणसं कशी वागतात हे त्याला दाखवायचं होतं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं पहलवीवरून 'कलीला व दिम्ना' हा अरबी ग्रंथ केला. त्यात दिम्नावर, म्हणजे आपल्या दमनकावर, रीतसर खटला चालतो आणि त्याला शासन होतं. मूळ पंचतंत्रात हे प्रकरण नाही. वाईटाला शिक्षा झालीच पाहिजे, ही संपादकीय तळमळ इतकी जुनी आहे. ग्रिम बंधूंनीही १८१२ ते १८५७ या काळातल्या आवृत्त्यांमध्ये काही दुष्ट आयांच्या सावत्र आया करून टाकल्याच की.

आता आपल्या चिऊ-काऊकडे या. शेणाचं घर पावसात वाहून जातं, मेणाचं टिकतं, कावळा दार वाजवतो. चिमणी म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते. मग अंग पुसते, काजळ घालते, तीट लावते, दूध पाजते, पाळण्यात निजवते. मोठ्यांना यात चिमणीचा आपमतलबीपणा दिसतो. चार वर्षांच्या मुलाला त्यात स्वतःची सकाळ दिसते. सकाळपासून आपल्याला जे जे केलं गेलं ते सगळं तिथे ओळीनं येतं, आणि ते संपेपर्यंत बाहेर कुणीतरी ताटकळत राहतं, याची त्याला केवढी मजा वाटते! एका बालवाडीत ही गोष्ट सांगत होते. मी पाळण्यापाशी आले तेव्हा पुढे बसलेली मुलगी ओरडली, "अजून शू करायची राहिली!" मग कावळा आणखी थोडा भिजला.

पुस्तक करताना नेमकी या लांबणीवरच कात्री येते. चित्रपुस्तकं बहुधा सोळा पानांची. छपाईचा फॉर्मच तसा. म्हणून लेखक न्हाणं, काजळ आणि पाळणा एवढंच ठेवतो. मी उलट करते. पहिलं घराचं मोठं चित्र वगळते आणि दारावरची प्रत्येक थाप ठेवते.

शेवटाचं काय? काही घरांत कावळा आत येऊन तापल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. काही घरांत त्याला खाऊ मिळतो. अलीकडे तो माफी मागून चिमणीशी सलोखा करतो. हा तिसरा शेवट मला मुळीच पटत नाही. बालवाडीत कुणी तो मागितलेलाही मी ऐकला नाही. सांगणारी आजी समोरच्या पोराचा चेहरा पाहून तवा तापवायचा की नाही ते ठरवत असे. छापील पानाला चेहरा दिसत नाही, म्हणून तीन वर्षांच्यांसाठी मी कावळ्याला चुलीपाशी ऊब घेत सोडते. सात-आठ वर्षांच्यांना तवा खुशाल द्यावा. ती हसतात.

भोपळ्यातल्या म्हातारीवरचा आक्षेप तर मला पाठ आहे: ती वाघाला खोटं सांगते. सांगते खरी! लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, असा वायदा करते आणि परत येते ती भोपळ्यात बसून. हीच म्हातारी बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 'टुनटुनीर बोई'त आहे, इराणातही ती भोपळ्यातूनच गडगडते. एवढ्या मुलखांतल्या आयाबायांनी तिला खोटं बोलू दिलं; आपण कोण सुधारणार?

मग पुनर्कथन करणाऱ्यानं करायचं काय? मला मेरी फ्रिअरची पद्धत आवडते. मुंबईच्या गव्हर्नरची ही मुलगी दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिनं आपल्या आयाकडून, ॲना लिबेराता डिसोझाकडून, गोष्टी ऐकल्या. ॲनानं त्यातल्या बऱ्याच आपल्या आजीकडून ऐकलेल्या. मेरी त्या लिहून काढायची आणि तपशील बरोबर आहेत ना, हे पाहायला ॲनाला वाचून दाखवायची. १८६८ साली 'ओल्ड डेक्कन डेज' निघालं, तेव्हा त्यात ॲनाची जीवनकहाणीही छापली होती. आपल्या किती बालपुस्तकांत सांगणारीचं नुसतं नाव तरी असतं? 'एक लोककथा' म्हटलं की भागतं.

म्हणून लेखकांना मी सांगते, लिहिलेलं परत वाचून दाखवा. एका लेखिकेनं भोपळ्याची गोष्ट आत्याला वाचून दाखवली. आत्यानं पहिल्याच पानावर अडवलं: म्हातारीच्या हातात काठी कुठाय? काठी टेकत चालली नाही, तर ही हाडकुळी म्हातारी आज खाण्यात अर्थ नाही हे वाघाला कळणार कसं? चित्रकाराला पान पुन्हा काढावं लागलं.